सॉस शेगडीवर असताना धुणं नाही

हॅमिल्टन,
३० ऑक्टोबर

प्रिय एत्तोरे,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि (अजून जिवंत असेल तर) तुझ्या त्या म्हाताऱ्या गाढवीला माझा मनापासून नमस्कार. डॉक्टरने तुला वाइन बंद केली असं तुझ्या मागच्या पत्रात होतं. त्याच पत्रावर वाइनचा गोल डाग होता, म्हणजे तब्येत बरी आहे असं मी धरून चालतो. ऑलिव्ह कसे आहेत? शेजारच्या विधवेशी विहिरीवरून चाललेलं भांडण मिटलं का? मिटलं नसेल तर मिटवू नकोस, तुझ्या वयाला कुणीतरी रोज बोलायला लागतं. इकडे आम्ही सगळे ठीक. माझं तुझ्याकडे काही काम नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण मी पत्र लिहिलं की तू म्हणतोस, दोनातोला काहीतरी हवं असणार. मला काही नको. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपल्या बायकोच्या भावाला सहज चार ओळी लिहू शकतो.

तर सहजच सांगायचं म्हणजे, मार्च महिन्यात तुझी बहीण तळघराच्या जिन्यावरून पडली. (घाबरू नकोस, आता चालते, आणि बोलण्यावर तर काडीचाही परिणाम झालेला नाही.) खाली कपडे धुतले, ड्रायरमधून काढले, टोपलीत भरले आणि टोपली छातीशी धरून वर येत होती. टोपलीमुळे पायरी दिसत नाही हे मी तिला वीस वर्षं सांगतोय आणि ती मला वीस वर्षं म्हणतेय, मग तू उचल. तो संवाद तिथेच थांबत आलेला आहे. चौथ्या पायरीवरून गेली. कमरेच्या हाडाला चीर पडली. मी आवाज ऐकून धावलो तर असुंता खाली चादरींच्या ढिगात बसलेली आणि म्हणते कशी, "दोनातो, पांढऱ्यावर पाय देऊ नकोस." मला रडू आलं, एत्तोरे. तिला दिसू नये म्हणून मी चादरी गोळा करायला लागलो, तर पहिल्याच चादरीवर पाय पडला.

सहा आठवडे ती पलंगावर. डॉक्टरने निकाल दिला की दोन्ही हातांनी कठडा धरून दिवसातून एकदा खाली जायला हरकत नाही, पण हातात ओझं घेऊन जिना आयुष्यात पुन्हा नाही. मग आमच्या लेकीने, सिल्व्हानाने, तिचा निकाल दिला. तू तिला ओळखतोस. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीबाबांचा चष्मा ओढणारी पोर आता पन्नाशीची झाली आहे आणि शाळा चालवते, त्यामुळे सगळ्या जगाला तारीख देऊन काम सांगायची तिला सवय आहे. तिने सांगितलं, सप्टेंबर संपायच्या आत एक तर धुण्याचं सगळं तळघरातून वर आणा, नाही तर हे घर विका आणि बर्लिंग्टनमधल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला जा. मी तो फ्लॅट पाहून आलो. स्वच्छ आहे. त्याला तळघर नाही, बाग नाही, वाइनची पिंपं ठेवायला जागा नाही, आणि गॅलरीत टोमॅटोचं एक रोप लावायलासुद्धा समितीची परवानगी लागते. असुंताने फक्त खिडक्यांचे पडदे पुढेमागे करून पाहिले, एखाद्या इस्पितळात पाहावेत तसे. घरी येताना गाडीत ती मला म्हणाली, "मला तिथे नेऊ नकोस." एवढंच म्हणाली. तुझी बहीण माझ्याकडे कधी काही मागत नाही, मागायच्या आधी स्वतः करून मोकळी होते. त्यामुळे ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं.

म्हणून मी ठरवलं की धुण्याचं वर आणायचं, आणि मीच आणायचं. जागा मिळाली. वरच्या न्हाणीघराला लागून कोट ठेवायचं ते मोठं कपाट आहे ना, तेच. पाण्याचा नळ भिंतीपलीकडे, सांडपाण्याची वाट तिथेच, आणि कपाटाची मागची भिंत म्हणजे वरच्या स्वयंपाकघराची भिंत. त्या स्वयंपाकघराची आठवण असेलच तुला. संगमरवरी ओटा, काचेची कपाटं, आणि विजेची मोठी शेगडी, जिच्या भट्टीत अजून माहितीपुस्तिका तशीच प्लास्टिकमध्ये आहे. पन्नास वर्षांत त्या शेगडीवर पाण्याचा थेंबही तापलेला नाही, कारण इकडे आलेल्या आपल्या सगळ्यांच्या घरांसारखाच आमचाही खरा स्वयंपाक खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात होतो आणि वरचं फक्त पाहुण्यांना दाखवायचं असतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेगडीला जाडजूड वायर आहे, मोठं सॉकेट आहे, आणि ती वीज पन्नास वर्षं तिथे बिनकामाची उभी आहे. भिंतीला भोक पाडायचं, ड्रायरची वायर पलीकडे घालायची, शेगडी काढून ड्रायर जोडायचा. परवानगी नको, इलेक्ट्रिशियन नको. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही याचं मला नवल वाटलं.

भोक मी झकास पाडलं. मग कळलं की ड्रायरच्या प्लगला चार पाय असतात आणि शेगडीच्या सॉकेटलाही चार भोकं असतात, पण ड्रायरचा एक पाय वाकडा असतो आणि शेगडीचं भोक सरळ असतं. दोघे सख्खे भाऊ दिसतात आणि एकमेकांच्या घरात पाऊल टाकत नाहीत. मी म्हटलं, पायच तर वाकडा आहे, कानशीने घासून सरळ करू. मी ओट्यावर प्लग ठेवून घासत होतो तेव्हा असुंता काठी टेकत दारात आली. माझ्या हातातली कानस पाहिली, प्लग पाहिला, भिंतीतलं भोक पाहिलं (त्यातून कोट दिसत होते), आणि म्हणाली, "तू कारखान्यात क्रेन चालवत होतास, दोनातो." मी म्हटलं, बरं मग? ती म्हणाली, "मग काही नाही." आणि तिने जाऊन फर्नांदाला फोन केला.

फर्नांदा म्हणजे मागच्या गल्लीतल्या मेदेइरोस गवंड्याची मुलगी. तू इथे होतास तेव्हा ती झोळीत होती. आता तिच्याकडे विजेच्या कामाचं लायसन्स आहे, स्वतःची गाडी आहे आणि चार माणसं हाताखाली आहेत. तिने माझं भोक पाहिलं, घासलेला प्लग हातात घेऊन उलटसुलट केला, आणि मला ओट्यापाशी बसवून लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "दोनातोकाका, तो पाय वाकडा मुद्दाम केलाय. तुमच्यासाठीच केलाय. शेगडीच्या लाइनला चाळीस अँपिअरचा ब्रेकर आहे. तुमच्या ड्रायरची वायर तीसची. ड्रायर बिघडला आणि जास्त वीज ओढायला लागला, तर ब्रेकरला वाटेल अजून चाळीस कुठे झालेत, आणि तो स्वस्थ बसेल. वायर आधी पेटेल. भिंतीच्या आत, कोटांच्या मागे." मी म्हटलं, माझ्या लक्षात होतं ते, मी नुसतं पाहत होतो. ती म्हणाली, "कानशीने?"

पुढचं तिने कागदावर लिहून दिलं. ड्रायरला स्वतःची वेगळी लाइन, थेट मेन बोर्डापासून. धुण्याच्या यंत्राला त्याची वेगळी. पाण्याशेजारी सॉकेट असल्याने वीज जराशी गळली की क्षणात तोडणारा ब्रेकर. घरातल्या वायरी अॅल्युमिनियमच्या (त्या काळी तांबं परवडत नव्हतं म्हणून आपण सगळ्यांनीच घातल्या होत्या), त्यांना तांब्याची वायर नुसती पिळून जोडायची नाही, जोड तापतो, त्यासाठी वेगळे जोड लागतात. आणि मेन बोर्ड शंभर अँपिअरचा, शिगोशीग भरलेला, तेव्हा तो बदलून दोनशेचा घ्यावा लागेल. हे सगळं झालं की सरकारी तपासनीस येणार, आणि त्याच्या सहीशिवाय सिल्व्हाना ऐकणार नाही. मी म्हटलं, सगळं मान्य. मला वाटलं, आता सुटलो. आणि मग, एत्तोरे, फर्नांदा टॉर्च घेऊन जुनी लाइन कुठून कुठे जाते ते पाहायला तळघरात गेली.

वाइनच्या फळ्यांच्या मागे तिला तुझा डबा सापडला.

आठवतोय? मला आठवतो, कारण १९७४ साली तो तू लावत असताना टॉर्च मी धरला होता. कारखान्याची पाळी संपवून तू यायचास, बुधलाभर वाइनच्या बदल्यात तू या गल्लीतल्या तीन घरांना वीज घातलीस, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने सही केलीस, तारखेसकट, एखाद्या चित्रकाराने करावी तशी. फर्नांदाने झाकण काढलं. बोर्डाकडून एक लाइन आत येते आणि तिथून दोन बाहेर जातात, एक खालच्या शेगडीला, एक ड्रायरला. दोन खेचरं एका खुंट्याला बांधलेली. फर्नांदाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "काका, हे कुणी केलं?" मी म्हटलं, आधीच्या मालकाने. ती म्हणाली, "घर तर तुम्ही बांधलंत. माझ्या बापाने विटा रचल्या." मी वाइनच्या बाटल्या सरळ करायला लागलो. "दोन्ही एकदम लावलं की काय होतं?" मी म्हटलं, लावत नाही. "पन्नास वर्षांत कधीच नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे सॉस शेगडीवर असताना धुणं नसतं.

यावर ती म्हणाली, "आमच्याकडेही नसतं. माझ्या आईला तुमच्या असुंताकाकूंनी शिकवलं होतं. यंत्र गरगरलं की सॉस फाटतो म्हणून. मी अजून पाळते." तिच्या घरची वायरिंग, तिनेच केलेली, म्हणजे एकावेळी सगळी गल्ली धुऊन काढता येईल अशी आहे. तिची नणंद टोरोंटोला हेच पाळते, आणि नणंदेची सासू दूर आझोरेस बेटांवर, जिच्याकडे ड्रायरच नाही, तीसुद्धा सॉस चढला की दोरीवरचे कपडे काढून घेते. फर्नांदा फळीवर टेकून बसली आणि तिला जे हसू आलं ते थांबेचना. मी मात्र हसलो नाही. मला वर असुंताची काठी ऐकू येत होती.

कारण तुला आणि मला ठाऊक आहे ना तो नियम कुठून आला. सिल्व्हानाचा बाप्तिस्मा, वर सत्तर माणसं, खाली तुझी आई (माझ्या सासूबाई, दोन्ना मिकेलिना, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो आणि मला त्यांची क्षमा मिळवून देवो) सॉस ढवळतायत, कुणीतरी बाळाचे कपडे ड्रायरमध्ये टाकले आणि मेन फ्यूज उडाला. सगळं घर अंधारात. पाद्रीबाबांचा पाय केकमध्ये. सगळे तुझ्याकडे बघायला लागले, आणि सासूबाई मेणबत्ती घेऊन जिन्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि सत्तर माणसांना ठणकावून सांगितलं की एत्तोरेच्या वायरचा दोष नाही, सॉस उकळत असताना कपडे गरगरवणं हे मुळातच अशुभ, त्यांच्या आईच्या आईच्या वेळेपासून. (त्यांच्या आईच्या आईच्या वेळी आपल्या मोंतेफ्रेद्दो गावात वीज सोड, दोरीवर वाळत घालायला दुसरी चादर नव्हती.) पोराला झाकायला त्यांनी तिथल्या तिथे एक परंपरा जन्माला घातली. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी पन्नास वर्षं तोंड मिटून बसलो. असुंता तेव्हा चोवीस वर्षांची. आईचा शब्द म्हणून तिने तो नियम असा धरला की शनिवारी सकाळी आठला रविवारचा सॉस चढला की तो उतरेपर्यंत घरात एक रुमाल धुतला जात नाही. पुढे पुढे तर राजमा शिजवतानासुद्धा. मी दर शनिवारी तिला आईच्या आठवणीत तो सॉस ढवळताना पाहायचो आणि मनात म्हणायचो, बाई गं, हा तुझ्या भावाच्या आळशीपणाचा प्रताप आहे. पण तिला सांगायची छाती झाली नाही. मेलेल्या आईची एकुलती एक शिकवण खोटी होती असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

सप्टेंबरभर काम चाललं. नवा बोर्ड आला, भिंती फुटल्या, माझं भोक फर्नांदाने इतकं सुरेख बुजवलं की मला जरा वाईटच वाटलं. शेवटच्या शनिवारी तिची चाचणी होती. सोमवारी तपासनीस येणार, आणि रविवारी फर्नांदा भाच्याच्या लग्नाला विमानाने जाणार, म्हणजे शनिवारशिवाय दिवस नव्हता. आणि त्याच शनिवारी खाली आमचा टोमॅटोचा दिवस, वर्षभराच्या बाटल्या भरायचा. चौदा पेट्या. उशिरा आलेला माल, एक दिवससुद्धा थांबला नसता. सिल्व्हाना हजर, तिच्या पिशवीत त्या फ्लॅटचे कागद. फर्नांदा हातात वायरीतली वीज मोजायचं चिमट्याचं मीटर घेऊन बोर्डापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, शेगडी चालूच आहे, आता वर ड्रायर लावते. दोन्ही अर्धा तास एकदम चालले आणि वायर तापली नाही, की मी सही करते."

असुंता मोठ्या पातेल्यापुढे उभी होती. मागे न बघता म्हणाली, "सॉस शेगडीवर आहे."

सिल्व्हाना म्हणाली, "आई, अर्धा तास फक्त." असुंता ढवळत राहिली. सिल्व्हाना म्हणाली, "मग पातेलं अर्धा तास खाली उतरव." असुंताने तिच्याकडे अशी नजर टाकली की मुख्याध्यापिका दोन पावलं मागे सरकली. पण तीही तुझीच भाची. तिने पिशवीतून कागद काढले, टोमॅटोच्या पेटीवर ठेवले आणि म्हणाली, "आई, मला रात्री झोप लागत नाही. फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस. चाचणी नाही तर सही नाही, सही नाही तर सोमवारी मी दलालाला हो सांगते." एत्तोरे, ती दुष्टपणाने बोलत नव्हती. आणि मला गाडीतलं ते वाक्य आठवलं, मला तिथे नेऊ नकोस. मग मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. बाप्तिस्मा, फ्यूज, एक लाइन, दोन खेचरं, तुझी पेन्सिलीची सही, सगळं. म्हटलं, असुंता, तो आईचा नियम नव्हता. एत्तोरेने वायर वाचवली आणि आईने एत्तोरेला वाचवलं.

मला वाटलं, झालं, हिचं काळीज मी मोडलं. तिने डाव चाखून पाहिला, थोडं मीठ टाकलं, आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. एत्तोरे मंगळवारी वायरचं नवं भेंडोळं घेऊन आला होता. दुसरी लाइन ओढतो म्हणाला. आईने त्याला दारातून परत पाठवला." मग ती वळली. "तेव्हा या घरात पाच गडी होते, दोनातो. बाबा, तू, तुझे दोघे भाऊ, एत्तोरे. पाच जणांचे कारखान्याचे काळेकुट्ट कपडे, आणि पाळण्यात ही. मी पहाटेपासून त्या यंत्रापुढे असायची. आई मला म्हणाली, वायर अशीच राहू दे. शनिवारी शेगडीपुढे बस, ढवळत राहा, आणि कुणी शर्ट घेऊन आलं की सॉसकडे बोट दाखव. पुरुषांना दमले म्हटलेलं कळत नाही, सॉस फाटतो म्हटलेलं कळतं." तिने आच कमी केली. "पन्नास वर्षं आईने मला शनिवार दिला. तो तुम्ही आज काढताय, म्हणून जरा जड गेलं. बाकी काही नाही."

एत्तोरे, मी मंगळवारी पहिल्या पाळीला होतो. तू भेंडोळं आणलंस हे मला कधी बोलला नाहीस. पन्नास वर्षं मी तुला मनातल्या मनात वायरचोर म्हणत आलो, आणि तू ऐकून घेतलंस. (मी दोनदा ते मोठ्यानेही म्हटलं आहे, एकदा तुझ्या लग्नात.) तेव्हा तुझी क्षमा मागतो. आणि स्वतःचीही लाज वाटते, कारण त्या पाच शर्टांपैकी एक माझा होता, आणि ती दमते हे माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

मग तिने डाव माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी कठडा धरून एक एक पायरी वर गेली, आणि तिनेच ड्रायर लावला. रिकामाच, नुसता गरगर. आम्ही सगळे खाली दिव्याकडे बघत उभे. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. फर्नांदाने अर्धा तास बोर्डावर हात ठेवला आणि सही केली. सोमवारी तपासनीस आला, त्याने पाहिलं, सही केली, सॉसची बाटली घेऊन गेला. सिल्व्हानाने कागद पिशवीत परत घातले आणि आईच्या गळ्यात पडून जी रडली ती तिला स्वतःलाही थांबवता येईना. घर राहिलं. सॉसही फाटला नाही, जरा खारट झाला, कारण ढवळताना मीही मीठ टाकलं होतं.

तर अशी सगळी खुशाली. म्हटलं ना, काही काम नाही. तब्येत सांभाळ, वाइन पत्रापासून दूर ठेव, आणि विहिरीच्या भांडणात शेवटचा शब्द तिला बोलू दे, हे मी अनुभवाने सांगतो.

तुझ्यासाठी कधीकाळी टॉर्च धरणारा,
दोनातो

ता. क. एक बारीकसं राहिलं. चाचणीनंतरच्याच शनिवारी सिल्व्हाना नातवंडांच्या फुटबॉलच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि हसत म्हणाली, आई, आता चालतं ना? असुंताने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि वर जायला काठी शोधू लागली. मला ते पाहवलं नाही. तू पुढे रीतसर लायसन्स काढलेला माणूस, तुझं लोक ऐकतात. सिल्व्हानाला एक पत्र टाक, की अॅल्युमिनियमच्या जुन्या वायरींना आठवड्यातून एक दिवस विश्रांती लागते, आणि तो दिवस शनिवार. थोडे आकडे घाल. फर्नांदाशी मी बोललो आहे, ती कुणी विचारल्याशिवाय बोलणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं पत्र नको. तोड मी त्याच दिवशी काढली होती, तुला सांगायची लाज वाटत होती. ती पिशवी मी तिथेच सिल्व्हानाच्या हातून घेतली आणि वर गेलो. आता शनिवारी धुणं मी करतो. खाली शेगडी चालू असते, वर यंत्र, आणि असुंता खुर्ची ओढून खाली बसते आणि वरचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही असा चेहरा करते. फक्त एक विचारायचं होतं, तू अकरा वर्षं एकटा कपडे धुतोस म्हणून. लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये घालायचा नसतो का? कारण तू तिला मोंतेफ्रेद्दोच्या बाजारातून पाठवलेला तो निळा, मोत्यांच्या बटणांचा, मी घातला. बाहेर आला तेव्हा बटणं तेवढी मापाची राहिली होती. मी तो कपाटात अगदी तळाशी लपवला आहे. तसाच एक, त्याच निळ्या रंगाचा, ताबडतोब पाठव. पाकीट माझ्या नावाने टाक, आणि असुंताला एक अक्षर कळवू नकोस. खरं सांगायचं तर मी पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज सकाळी चर्चला जायला तयार होऊन असुंता जिन्यापाशी उभी होती आणि अंगात तो स्वेटर. बाह्या कोपरापर्यंत, बटणं कशीबशी लावलेली. चर्चच्या पायऱ्यांवर सिल्व्हानाने विचारलं, आई, बाह्या एवढ्या आखूड कशा गं? असुंताने माझ्या दंडात हात घातला आणि म्हणाली, उकडतंय म्हणून मीच वर सारल्या. बाहेर चार अंश होते.